लाव्हा इथे, उष्णता तिकडे



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे व्याख्यानाला जमता, त्यांनी या कन्नड गावाच्या दोन पिढ्यांना भूगोल शिकवला. तेव्हा विषय भूगोलाचाच घ्या, असं संयोजकांनी सांगितलं आणि वर एक प्रश्नही बांधून दिला. आपला सगळा मुलूख ज्वालामुखीनं घडवलेला. मग जमिनीतली वाफ काढून आपण वीज का करत नाही? आइसलँडला जमतं, केनियाला जमतं, मग आपलं घोडं अडलं कुठे?

उत्तर मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची बस पकडायची आहे त्यांची अडचण व्हायला नको. ज्वालामुखीचा दगड पायाखाली असणं वेगळं आणि पायाखाली उष्णता असणं वेगळं. दगड ही आपली कमाई साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. त्याच्याबरोबर आलेली उष्णता केव्हाच खर्च झाली. आज महाराष्ट्रात जिथे जिथे जमिनीतून गरम पाणी येतं, तिथे त्या पाण्याचा आणि या लाव्ह्याचा जवळपास काहीही संबंध नाही. हे एकदा मान्य केलं की पुढचा विचार सरळ होतो. मान्य केलं नाही तर आपण चुकीच्या ठिकाणी भोक पाडत बसतो.

आता औट्रम घाटात चला. चाळीसगावकडे उतरताना रस्त्यासाठी कापलेला कडा नीट पाहा. गाडी चालवणाऱ्यानं पाहू नये. पण घाटात कोंडी झाली असेल, आणि ती असतेच, तर त्यालाही भरपूर सवड मिळते. खाली काळ्या पाषाणाचा जाड, टणक थर दिसतो. वर सरकताना तोच दगड भोकाभोकांचा, ठिसूळ होत जातो. त्यावर काही ठिकाणी विटकरी रंगाचा, वीतभर किंवा हातभर जाडीचा मातीसारखा पट्टा. आणि त्यावर पुन्हा नवा काळा पाषाण. ही एका लाव्हाप्रवाहाची पूर्ण कहाणी आहे. लाव्हा पसरला, त्यातले वायू वर आले आणि माथ्याशी अडकून भोकं झाली. मग काही काळ काहीच घडलं नाही. ऊनपावसानं वरचा भाग कुजून त्याची माती झाली. पुढचा प्रवाह आला तेव्हा ती माती भाजून निघाली. अजिंठ्याच्या रांगेत हे असं एकावर एक चालू राहतं. पितळखोऱ्याची लेणी कोरणाऱ्यांना हे थर आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, कारण छिन्नी कुठे घसरते आणि कुठे अडते हे त्यांना रोज कळत होतं.

हा लाव्हा आला कुठून? शाळेतल्या चित्रात पृथ्वीच्या पोटात लाल रसाचा समुद्र उसळताना दाखवतात. ते चित्र डोक्यातून काढून टाका. आपल्या पायाखालचं प्रावरण भयंकर तापलेलं आहे, पण ते घन आहे, कारण वरचा दाब त्याला वितळू देत नाही. ते वितळायला काहीतरी निमित्त लागतं. दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकले की मधल्या जागेत खालचा खडक वर येतो, दाब कमी होतो आणि तो वितळतो. आइसलँड आणि पूर्व आफ्रिकेची खचदरी ही त्याची उदाहरणं. दुसऱ्या प्रकारात समुद्राखालचा एक पट्ट दुसऱ्याच्या खाली घुसतो आणि आपल्याबरोबर पाणी घेऊन जातो. ते पाणी वरच्या तप्त खडकात मुरलं की खडकाचा वितळणबिंदू उतरतो. इंडोनेशिया, फिलिपाइन्स, जपान इथले ज्वालामुखी असे जन्मले. आपल्या अंदमानातलं बॅरन बेट, म्हणजे भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी, याच जातीचं. तिसरा प्रकार हॉटस्पॉटचा: पट्टाच्या मधोमध, खोलवरून उष्ण खडकाचा एक स्तंभ वर येत राहतो.

आपलं खातं या तिसऱ्या सदरात. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा पट्ट एका अशा स्तंभावरून जात होता. तेव्हा जो लाव्हा ओतला गेला, तो आज उरलेल्या भागापुरता मोजला तरी ५ लाख चौरस किलोमीटर भरतो, आणि त्यातला बराचसा दहा लाख वर्षांच्या आत आला. भूशास्त्राच्या हिशेबात हे फारच घाईचं काम. भारत मात्र थांबला नाही. त्या काळी तो वर्षाला १५ सेंटिमीटरहून जास्त वेगानं उत्तरेला निघाला होता. आज तो वेग सुमारे ५ सेंटिमीटरवर आला आहे. मागे समुद्रतळावर लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशी खूण पडत गेली, आणि त्या खुणेच्या टोकाशी रियुनियन बेट आहे. तिथला पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी आजही वरचेवर उसळतो.

नकाशा उघडला की एक गंमत दिसते. कन्नड विषुववृत्ताच्या उत्तरेला २० अंशांच्या किंचित वर आहे. रियुनियन दक्षिणेला २१ अंशांवर. म्हणजे ज्या भट्टीवर आपला दगड शिजला ती भट्टी आज विषुववृत्ताच्या पलीकडे, इथून सुमारे पाच हजार किलोमीटरवर आहे. भट्टी तिथेच राहिली आणि आपण इकडे निघून आलो.

मग इथे आलेल्या उष्णतेचं काय झालं? खडक उष्णता सोडायला वेळ लावतो, आणि जाडी दुप्पट झाली की हा वेळ चौपट होतो. वीस-पंचवीस मीटर जाडीचा प्रवाह काही वर्षांत, फार तर काही दशकांत निवतो. पाच किलोमीटर जाडीचा शिलारसाचा साठा जमिनीखाली अडकून राहिला असता तरी त्याला निवायला दहा-वीस लाख वर्षं पुरली असती. आपल्या हाताशी साडेसहा कोटी आहेत.

पण इथे गरम पाणी कधीच खेळलं नाही, असं मात्र समजू नका. त्याचा पुरावा याच घाटात आहे. त्या भोकाभोकांच्या दगडात पांढरे, काचेसारखे स्फटिक दिसतात. काही सुयांच्या जुडग्यासारखे, काही मोत्यासारख्या चमकेचे. विहीर खोदताना ते निघतात आणि पोरं खिशात भरतात; वेरूळ-अजिंठ्याला फेरीवाले तेच स्फटिक पर्यटकांना विकतात. ही झिओलाइट गटाची खनिजं. लाव्ह्याबरोबर ती आलेली नाहीत. थर बसल्यानंतर गरम पाणी त्या दगडातून फिरत राहिलं, दगडातलं सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम विरघळवत गेलं आणि पोकळ्यांमध्ये ते पुन्हा जमवत गेलं. जॉर्ज वॉकर या भूशास्त्रज्ञानं १९६० साली पूर्व आइसलँडच्या अशाच दगडात दाखवून दिलं की कोणत्या खोलीवर कोणतं झिओलाइट आहे यावरून त्या वेळचं तापमान वाचता येतं. तेव्हा पर्यटकाच्या हातातला तो पांढरा खडा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी बंद पडलेल्या भूऔष्णिक क्षेत्राचा अवशेष आहे. आपल्या डोंगरांत एकेकाळी ते सगळं होतं, जे आज आइसलँडच्या पोटात आहे.

चालू भूऔष्णिक क्षेत्राला चार गोष्टी एकत्र लागतात. उष्णता उथळ हवी, खडकाला भेगा हव्यात, त्यात पाणी हवं आणि वर पाणी अडवणारा थर हवा. असं जमलं की पाणी दोनशे-अडीचशे अंशांना पोचूनही उकळत नाही, कारण प्रेशर कुकरसारखा दाब त्याला धरून ठेवतो. विवर पाडलं की दाब सुटतो, पाण्याची वाफ होते आणि ती टर्बाइन फिरवते. इटलीत लार्दरेल्लो इथे १९०४ साली प्रिन्स पिएरो जिनोरी कोंती यांनी अशा वाफेवर पाच दिवे लावले. १९१३ मध्ये तिथेच २५० किलोवॉटचं वीजघर सुरू झालं. न्यूझीलंडचं वैराकेई १९५८ चं, कॅलिफोर्नियातलं गीझर्स १९६० चं, केनियातल्या ओल्कारियाचं पहिलं जनित्र १९८१ चं. यांतलं प्रत्येक ठिकाण एखाद्या पट्टाच्या कडेवर, खचदरीत किंवा ताज्या शिलारसाच्या माथ्यावर आहे. ताजा म्हणजे भूशास्त्राच्या अर्थानं ताजा.

भारतात उथळ उष्णता आहे ती लडाखमध्ये, पूगा खोऱ्यात. तिथे एकही ज्वालामुखी नाही! भारताचा पट्ट आशियाला जिथे भिडला त्या सांध्याजवळ हे खोरं आहे. टकरीनं कवच दुणावलं, ग्रॅनाइट खोल ढकलला गेला, काही ठिकाणी अंशतः वितळलाही. गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात तिथे पाडलेल्या विवरांतलं सर्वांत खोल विवर ३८५ मीटरचं, आणि तेवढ्यातच १४० अंशांच्या आसपास तापमान मिळालं. ओएनजीसीनं फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे एक मेगावॉटच्या प्रकल्पासाठी करार केला. कन्नडला ३८५ मीटरची बोअर मारली, आणि आता लोक तितकीही मारायला लागले आहेत, तर तळाशी तापमान मिळेल ३५ अंशांच्या आगेमागे. पाच लाख चौरस किलोमीटर लाव्ह्याचा धनी थंड, आणि ज्याच्याकडे लाव्हा नाही तो उकळतो आहे.

आपल्या जमिनीतून उष्णता येतच नाही, असं नाही. पृथ्वीच्या जन्मापासूनची शिल्लक आहे, शिवाय युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सारातून सतत भर पडते. काळ्या पाषाणात ही मूलद्रव्यं कमी. त्याच्या खालच्या ग्रॅनाइटात जास्त. कोयना परिसरात मोजलेला उष्णताप्रवाह दर चौरस मीटरला ४० ते ४५ मिलिवॉट भरतो. हा आकडा ऐकून कुणाच्याच डोळ्यांपुढे काही उभं राहणार नाही, म्हणून एकरात मांडू. एका एकराखालून रात्रंदिवस येणारी एकूण उष्णता सुमारे १८० वॉट. त्याच एकरावर चैत्रातल्या दुपारी सूर्य ४० लाख वॉट ओततो. आपल्या शिवारात सौरपंप दिसतात आणि भूऔष्णिक पंप दिसत नाहीत, याचं कारण या दोन आकड्यांत आहे. यात कुणाची नालायकी नाही.

मग उनपदेवचं काय, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं, कारण घाट उतरून जळगाव-चोपड्याकडे गेलात तर अर्ध्या दिवसात तिथे पोचाल. अडावदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी दगडी गोमुखातून गरम पाणी कुंडात पडतं. हात फार वेळ धरवत नाही. रामानं शरभंग ऋषींसाठी बाण मारून हे पाणी काढलं, अशी तिथली कथा. हीच शरभंगांची कथा तुम्हाला मराठवाड्याच्या दुसऱ्या टोकाला, किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरलाही ऐकायला मिळेल. दोन्हीकडे त्वचारोगासाठी लोक स्नानाला येतात. बाणानं जमिनीला भोक पडलं आणि खालचं गरम पाणी वर आलं, ही कल्पना मला भूशास्त्रज्ञ म्हणून अगदीच चुकीची वाटत नाही. भोक मात्र प्रस्तरभंगाचं आहे.

नर्मदा-तापीच्या पट्ट्यात भारताच्या कवचाला फार जुने तडे आहेत. तापीचं खोरं त्या तड्यांमध्ये खचलेलं, आणि उत्तरेला सातपुडा उचललेला. सातपुड्यावर पडलेलं पावसाचं पाणी या भेगांतून एक-दीड किलोमीटर किंवा त्याहून खोल उतरतं. किलोमीटरमागे २०-२५ अंश, या नेहमीच्याच दरानं ते तापतं. आणि एखादी मोकळी भेग सापडली की निवायला वेळ न देता चटकन वर येतं. बस, एवढंच. पाण्याचा खोलवर जाऊन येण्याचा रस्ता इथे सोपा आहे. खालची भट्टी विशेष तापलेली आहे असं नाही. अमरावतीकडचं सालबर्डीही असंच. कोकणातली गरम पाण्याची ठिकाणं, म्हणजे गणेशपुरी, वज्रेश्वरी, अकलोली, महाडजवळचं सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी ते थेट राजापूर, किनाऱ्याला समांतर साडेतीनशे किलोमीटरच्या रेषेत येतात. भारत आणि सेशेल्स एकमेकांपासून तुटले तेव्हा पश्चिम किनारा ज्या भेगांवर फाटला, त्या भेगांचीच ती रेषा. उन्हवऱ्याचं पाणी सत्तरीच्या घरात, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत गरम पाण्यांपैकी एक.

मधूनच कुठेतरी 'बोअरमधून उकळतं पाणी' अशी बातमी येते. अशा वेळी नारळ फोडायच्या आधी पंप बाहेर काढून पाहा. पाणबुडी मोटारीची वायंडिंग बिघडली की ती साचलेलं पाणी चांगलंच तापवते. आणि लोणारचं विवर ज्वालामुखीचं नाही हेही सांगून टाकतो, कारण दर व्याख्यानात ते कुणीतरी विचारतंच. ते अशनीच्या आघातानं, आधीच थंड झालेल्या काळ्या पाषाणात पडलेलं आहे.

आता साठ-सत्तर अंशांच्या पाण्यावर वीज होते का? होते. अलास्कात चेना इथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज तयार होते. कमी तापमानाला उकळणारा द्रव त्या पाण्यानं तापवायचा आणि त्या द्रवाच्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं. पण चेनाला दुसऱ्या हाताला चार अंशांचं गार पाणी आहे. असं यंत्र चालतं ते गरम आणि गार यांमधल्या अंतरावर. चोपड्याच्या मे महिन्यात गार म्हणून तुम्ही काय देणार? हवा पंचेचाळीस अंशांची. साठ अंशांच्या झऱ्याला तिथे टर्बाइन लावलं तर ते जेमतेम आपला पंप चालवील. तेलंगणात मणुगुरूजवळ सिंगरेनी कॉलरीजनं गोदावरीच्या खोऱ्यातल्या गरम पाण्यावर २० किलोवॉटचं प्रायोगिक यंत्र बसवलं. प्रयोग म्हणून ते उत्तम. पण आकडा २० आहे, आणि तो किलोवॉटमध्ये आहे, हे लक्षात ठेवा.

माझं म्हणणं असं की या पाण्याकडून वीज मागूच नये. त्याच्याकडून ऊब मागावी. ग्रीसमध्ये नेआ केसानी इथे २००१ पासून साठ अंशांच्या आसपासचं पाणी वापरून टोमॅटो वाळवतात. पाणी नळ्यांतून फिरतं, हवा पंचावन्न अंशांना तापते, पंख्यानं ती बोगद्यातल्या ट्रेंवरून जाते. पाणी टोमॅटोला शिवतसुद्धा नाही. चोपडा-यावल-रावेरची केळी, खानदेशची मिरची, आपल्या कन्नडचं अद्रक, ज्याचा भाव पडला की बांधावर ढीग लागतात, हे सगळं वाळवायला पन्नास-पंचावन्न अंशच लागतात. अद्रकाची सुंठ करताना ढगाळ हवेचे चार दिवस आले की काय होतं, ते इथे कुणाला सांगायला नको. उनपदेवच्या कुंडाला आणि भाविकांच्या स्नानाला हात न लावता, वाहून जाणाऱ्या पाण्यातली ऊब तेवढी काढून घेता येईल. मात्र आधी तिथे बारा महिने पाणी किती पडतं हे मोजलं पाहिजे. झऱ्याच्या शेजारी भोक पाडून धार वाढवू असं कुणी म्हणालं, तर त्याला गावात घेऊ नका. उलट धार बंद पडायची. केंद्रानं सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केलं. त्यात विजेबरोबरच उष्णतेच्या अशा थेट वापराचाही विचार आहे. मला विचाराल तर महाराष्ट्रासाठी त्या धोरणातला हाच भाग महत्त्वाचा.

एक वेगळी सूचना हल्ली ऐकू येते. पाच-सहा किलोमीटर खोल ग्रॅनाइटात जायचं, दाबानं पाणी सोडून भेगा पाडायच्या आणि कृत्रिम झरा तयार करायचा. अमेरिकेत नेवाडात यावर चांगलं काम चाललं आहे. आपल्याकडे कोयनेजवळ गोठण्याला २०१७ मध्ये तीन किलोमीटरचं संशोधन विवर पूर्ण झालं, म्हणजे इतकं खोल जाणं आपल्याला जमतं. तिथे काळा पाषाण १२४७ मीटरवर संपला आणि ग्रॅनाइट लागला. किल्लारीच्या विवरात तो ३३८ मीटरवरच संपला होता. पण किल्लारीचं नाव निघाल्यावर मराठवाड्यात कुणीही सहज पुढे जात नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवणारे या सभागृहातही आहेत. तिथे भूकंप होईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आपल्या कवचात कुठे किती ताण साठला आहे हे वरून दिसत नाही. स्वित्झर्लंडमध्ये बाझेल शहराखाली २००६ साली असं पाणी सोडलं, ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. दक्षिण कोरियात पोहांगला २०१७ मध्ये ५.५ चा भूकंप झाला, आणि तो या पाण्यामुळेच उफाळला असं सरकारी चौकशीत निघालं. म्हणून आपल्याकडे हे कधीच करू नये, असं मी म्हणत नाही. आधी काही वर्षं भूकंपमापकांचं जाळं बसवून ऐकत राहावं, आणि गावकऱ्यांना सगळं सांगून मगच हात घालावा. तोवर पंपसेटवाल्यांनी सूर्यावरच भिस्त ठेवावी.

शेवटी इथल्या महाविद्यालयीन मुलांसाठी एक काम सांगतो. पैसे फारसे लागत नाहीत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वेळोवेळी मोजते. आपण तालुक्यातल्या बोअरच्या पाण्याचं तापमान मोजू. पिशोर, चापानेर, हतनूर, नागद, घाटाच्या वर आणि खाली, सगळीकडे. बोअरची खोली मालकाला विचारून लिहून घ्यायची. पंप सुरू केल्याबरोबर पाणी घ्यायचं नाही. नळीत आणि मोटारीपाशी साचलेलं निघून जाईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. थर्मामीटर उन्हात धरायचा नाही, आणि एकाच बोअरची नोंद मेमध्ये आणि डिसेंबरमध्ये अशी दोनदा करायची. खोली आणि तापमान आलेखावर मांडलं की बहुतेक टिंबं एका रेषेजवळ बसतील. जे टिंब रेषेच्या बरंच वर गेलं असेल, त्या बोअरवर दुसऱ्या थर्मामीटरनं पुन्हा मोजा. तरीही ते वरच राहिलं तर मला कळवा. मी स्वतः पाहायला येईन.